चौदाव्या पाटीची चौथी ओळ

१

उरण नाका ते एस. टी. स्टँड या रस्त्यावर जाहिरातीच्या सतरा पाट्या होत्या. रविवार, २० फेब्रुवारी १९९४ रोजी सकाळी सात ते साडेआठ या वेळात मी त्यांवरच्या लाल दुरुस्त्या मोजल्या. त्या एकेचाळीस भरल्या. अडतीस बरोबर होत्या, दोन चूक होत्या, आणि एक दुरुस्ती अक्षराची नसून अख्ख्या ओळीची होती.

पद्धत सगळीकडे एकच होती. चुकलेल्या अक्षरावर पांढऱ्या रंगाचा पट्टा आणि त्यावर लाल ऑइलपेंटने बरोबर अक्षर. 'शुध्द तुप'चं 'शुद्ध तूप' झालं होतं. ज्वेलरच्या पाटीवरचा 'आर्शीवाद' आता 'आशीर्वाद' होता. 'त्वरा करा'पुढच्या पाच उद्गारचिन्हांपैकी चार पुसली गेली होती. चाळीस ठिकाणी पांढरा पट्टा सरळ जुन्या रंगावर ओढलेला होता. एकाच ठिकाणी जुना रंग आधी पॉलिशपेपरने पत्र्यापर्यंत घासून काढला होता. ती जागा म्हणजे चौदाव्या पाटीची चौथी ओळ.

चौदावी पाटी 'निर्झर नगरी'ची होती. त्या इमारतींत आम्ही राहतो. अ आणि ब अशा दोन विंग, प्रत्येकी बारा घरं. चौथ्या ओळीत आता लिहिलं होतं, 'प्रत्येक घरात चोवीस तास पाण्याची सोय'.

शनिवारपर्यंत तिथे होतं, 'प्रत्येक घरात नळाला चोवीस तास गोडे पाणी'.

आमच्या नळाला बोअरचं पाणी येतं. खाडी जवळ आहे. मी तळोज्याच्या एका रंगकारखान्यात प्रयोगशाळेत काम करते, म्हणून पाणी तपासून पाहिलं होतं. क्लोराइड लिटरमागे २५० मिलिग्रॅमपर्यंत असावं. आमचं हजाराच्या पुष्कळ वर होतं. छापील माहितीपत्रकात बिल्डरने पाण्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. गोड्या पाण्याचं वचन होतं ते फक्त त्या पाटीवर. चोवीस घरांनी मिळून तक्रार केली होती, आणि बुधवारी ग्राहक मंचाचा माणूस ती पाटी डोळ्यांनी पाहून पंचनामा करणार होता.

मी मोजणी संपवून घरी आले तेव्हा इमारतीखाली पोलिसांची जीप उभी होती. ती कृष्णकांतकाकांसाठी आली होती.

२

कृष्णकांतकाका आमच्या वर, ब विंगच्या दुसऱ्या मजल्यावर राहतात. गिरगावातल्या एका छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितशोधक होते. निवृत्त झाले, पनवेलला आले, आणि शहरातल्या पाट्या वाचून आजारी पडले, असं त्यांच्या पत्नी, शोभाकाकू म्हणतात. खिशात कायम खडू. पाटीवर चूक दिसली की बाजूला खडूने बरोबर शब्द लिहायचे. ही सवय सगळ्या पनवेलला माहीत होती. त्यामुळे त्या सकाळी 'कोणी केलं' हा प्रश्न कुणालाच पडला नाही.

बिल्डरच्या ऑफिसने तक्रार दिली होती. हवालदाराने जबाब लिहून घेतला आणि जाताना म्हणाला, "आजोबा, शिकल्यासवरल्या माणसाने रात्रीचं शिडीवर चढायचं का? पडला असतात म्हणजे?"

जीप गेल्यावर काका मला म्हणाले, "प्राजक्ता, डोकं लावलंय हं कुणीतरी."

"म्हणजे?"

"चाळीस ठिकाणी फक्त चूक सुधारली, अर्थ तोच ठेवला. मग एकेचाळिसाव्या ठिकाणीही फक्त चूकच सुधारली, असंच कुणालाही वाटणार. बिल्डर म्हणेल, ओळ पहिल्यापासून हीच होती, म्हाताऱ्याने फक्त शुद्धलेखन नीट केलं."

"पण आपण चोवीस घरांनी वाचलीय ती ओळ."

"चोवीस फिर्यादींनी. लेखी कुठे आहे?"

लेखी काय होतं ते मलाच माहीत होतं. पंधरा दिवसांपूर्वी काकांच्या सांगण्यावरून मी या सतरा पाट्यांची यादी केली होती. नगरपालिकेला द्यायची होती. मी प्रत्येक पाटीच्या खांबावर खडूने क्रमांक टाकला आणि कागदावर रकाने आखले: पाटी, ओळ, कितवं अक्षर, योग्य रूप. एकूण चाळीस चुका. कार्बन घालून तीन प्रती केल्या. एक काकांकडे, एक माझ्याकडे, तिसरी सोसायटीच्या सेक्रेटरी वसुंधराताईंकडे, नगरपालिकेत नेऊन देण्यासाठी.

यादीत चौदाव्या पाटीच्या पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या ओळीतल्या चुका होत्या. चौथ्या ओळीत चूक नव्हती. म्हणून ती मी उतरवली नव्हती.

शोभाकाकू आतून म्हणाल्या, "दोन तास झाले, डाळ शिजत नाहीये. या पाण्यात दगडसुद्धा खारवेल." मग बाहेर येऊन काकांकडे बघत राहिल्या. "खरं सांगा. तुम्ही नाही ना केलंत?"

काकांनी टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं आणि पहिल्या पानावरच्या एका शब्दाखाली नखाने रेघ ओढली. त्यांना फार राग आला की ते असं करतात.

"तुम्ही शनिवारी कुठे होता?" मी विचारलं.

"अलिबागला, वकिलाकडे. साडेसहाच्या एस. टी.ने गेलो, रात्री आठला परत. पण हे तर रात्री झालंय. रात्री मी झोपलो होतो, आणि त्याला साक्षीदार तुझी काकू."

"रात्री झालंय असं कोण म्हणतं?"

काकांनी मान वर केली. सकाळी सात वाजता मी लाल रंगावर नख दाबून पाहिलं होतं. खूण उमटली नव्हती.

३

सोमवारी मी कारखान्यात तसाच लाल ऑइलपेंट पत्र्याच्या चार तुकड्यांवर लावला आणि दुसरा दिवस उजाडेपर्यंत ठरावीक वेळाने त्यांवर नख दाबलं. रात्रपाळीच्या सहकाऱ्याने माझ्यासाठी नोंदी ठेवल्या. बारा तासांनी नख रुतत होतं. पंधरा तासांनी पुसट खूण राहत होती. अठरा तासांनी काही उमटत नव्हतं. रविवारी सकाळी सातला रंग कडक होता, म्हणजे तो शनिवारी दुपारी चारच्या आधी लावला होता. भर बाजारात, भर उजेडात, काका अलिबागला असताना.

मग कुणी पाहिलं कसं नाही? मंगळवारी मी रजा टाकली आणि आधी उरण नाक्यावरच्या चहावाल्याला विचारलं.

"शनिवारी इथे शिडी लावून कुणी होतं?"

"कुणी नाही, ताई."

"नीट आठवा. पाटीपाशी कुणीच नव्हतं?"

"कुणीच नाही म्हटलं ना. एक पेंटर तेवढा होता."

पाट्या रंगवणारं पनवेलमधलं मोठं दुकान महादेव पेंटरचं. सतरापैकी अकरा पाट्या त्याच्याच. दुकानात शिरले तर तो 'येथे वाहने लाऊ नये' लिहीत होता.

"'लावू नयेत,'" मी म्हणाले.

"आली काकांची पट्टशिष्या." त्याने ब्रश थांबवला नाही. "हे बघा, गिऱ्हाईक चिठ्ठीत जे देतं ते मी लिहितो. कंपाउंडरने डॉक्टरला शिकवायचं नसतं."

"शनिवारी पाट्यांवर तुम्ही गेला होता?"

"मी? माझ्याच अकरा पाट्यांवर लाल थापून माझीच अब्रू काढायला?" आता मात्र ब्रश थांबला. "अहो, दोन गिऱ्हाइकांनी पैसे परत मागितलेत. तुमच्या काकांना सांगा, खडू होता तोवर हसत होतो."

मी त्याचा हात पाहत होते. त्याने खडूची दोरी मारून आधी सबंध ओळीची वरची रेघ रंगवली होती आणि आता तिला एकेक अक्षर लटकवत होता. आम्ही शाळेत उलटं शिकतो. अक्षरं आधी, रेघ शेवटी. काकाही तसंच लिहितात. मी सकाळी मुद्दाम त्यांच्याकडून दोन ओळी लिहून घेतल्या होत्या.

पाट्यांवरचा लाल रंग मी भिंगातून पाहिला होता. अक्षराचा उभा दांडा जिथे वरच्या रेघेला मिळतो तिथे दांड्याचा रंग रेघेवर चढलेला होता. जिथे जिथे लाल अक्षर होतं तिथे सगळीकडे. म्हणजे रेघ आधी. म्हणजे हात पेंटरचा.

"महादेवराव, नववी पाटी कुणी रंगवली?"

"डेअरीची? मीच. गेल्या गुरुवारी मजकूर बदलला त्यांनी. का?"

त्याला काय सांगणार? नववी पाटी हीच सगळ्यात विचित्र होती. माझी यादी गुरुवारच्या आधीची. यादीत लिहिलं होतं: पाटी नऊ, ओळ दोन, अक्षर सात, 'दू'. जुन्या मजकुरात सातवं अक्षर 'दु' होतं, 'दूध' मधलं. नव्या मजकुरात सातवं अक्षर 'स' होतं, 'रोज सकाळी' मधलं. लाल रंगाने तिथे इमानदारीत 'दू' केलं होतं. 'घरपोच रोज दूकाळी ताजे दही.'

महादेवने स्वतः दोनच दिवस आधी लिहिलेली पाटी अशी बिघडवली नसती. कुठल्याही वाचता येणाऱ्या माणसाने बिघडवली नसती.

"तुमच्या धंद्यात," मी विचारलं, "वाचता न येणारा पेंटर असतो?"

महादेव हसला. "असतो की. आणि माझ्यापेक्षा सरळ रेघ मारतो."

४

बुधाजी कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीत राहतो. दुकानातून मी थेट तिथे गेले. घरापुढे त्याची बायको मालू लाकडं फोडत होती. तिने मला पाहिलं, कुऱ्हाड खाली ठेवली आणि आत हाक मारली, "आवो, ती बोर्डावर आकडं लिवनारी ताय आली."

बुधाजी पन्नाशीचा, काटक. पूर्वी वीटभट्टीवर होता, मग इमारतींना चुना मारायला लागला, मग महादेवकडे रेघा ओढायला, आणि तिथून अक्षरांकडे. त्याच्या अंगठ्याच्या नखात लाल रंग अजून होता. तो त्याने लपवला नाही.

"शनिवारी पाट्यांवर तुम्ही होतात?"

"व्हतो ना. सकाळधरनं. दुसरं दोघं हाताखाली व्हते. का, ताय? काय चुकला का?"

"कुणी सांगितलं होतं?"

"अपूर्वसाहेबानं. निर्झरच्या हापिसातला. बोलला, नगरपालिकेचं काम हाय, गावातल्या पाट्या नीट करायच्या हायेत. कागद दिला. मना आकडं येतात. खांबावर आकडा, कागदावर आकडा, वळ मोजायची, अक्षर मोजायचं, कागदातलं चित्र तिथं काढायचं. लय सोपा केलेला कागद व्हता. कुनी केला त्याला डोकं हाय."

मी विचारलं, "कागद कुठेय?"

"साहेबानं परत घेतला."

"चौदाव्या पाटीची चौथी ओळ कागदात होती?"

"नाय. ती साहेबानं वेगळी चिठ्ठी दिली. बोलला, ही आख्खी घासून काढ, पत्रा दिसंस्तवर. मी बोललो बी, साहेब, ही माझ्याच हातची हाय, अठरा अक्षरं हायेत, ह्या चिठ्ठीत सोळाच हायेत, जागा उरल. तो बोलला, उरू दे."

"अठरा अक्षरं तुम्हाला आठवतात?"

"आता काढलेलं चित्र कोन इसरंल?"

त्याने घागरीत फडकं बुडवलं आणि शेणाने सारवलेल्या अंगणात पाण्याने एक लांब रेघ ओढली. मग डावीकडून एकेक अक्षर लटकवत गेला. एकदाही थांबला नाही. शेवटच्या अक्षराला दांडा देऊन उठला तेव्हा पहिली अक्षरं वाळू लागली होती.

प्रत्येक घरात नळाला चोवीस तास गोडे पाणी.

"काय लिवलंय, ताय?" मालूने विचारलं.

मी वाचून दाखवलं. ती रिकाम्या घागरीकडे बघून म्हणाली, "आमची विहीर बी माघातच आटते. बरा हाय तुमचा."

"बुधाजी, हे उद्या ग्राहक मंचाच्या माणसासमोर काढून दाखवाल?"

"दाखवीन की. पन ताय, मी काय चोरी केली का?"

५

यादी अपूर्वपर्यंत पोचली कशी हा एक प्रश्न उरला होता, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे रविवारपासून होतं. मी ते बघायचं टाळत होते.

बारावी पाटी फर्निचरच्या दुकानाची. तिथे लाल अक्षर एका घराने उजवीकडे सरकलं होतं. चुकीचं अक्षर तसंच, शेजारचं चांगलं अक्षर बिघडलेलं. त्या ओळीत मी पहिल्यांदा मोजताना एक जोडाक्षर दोन धरलं होतं आणि 'अक्षर अकरा' लिहिलं होतं. चूक कळल्यावर काकांच्या आणि माझ्या प्रतीत अकरा खोडून दहा केलं. तिसरी प्रत तोपर्यंत दिली गेली होती.

बुधाजीने अकरावं अक्षर बदललं होतं.

वसुंधराताई अ विंगमध्ये, तळमजल्यावर राहतात. तक्रारीवर पहिली सही त्यांची. मी दारात उभी राहून विचारलं, "ताई, यादी नगरपालिकेत दिलीत? पोच कुठे आहे?"

त्यांनी मला आत घेतलं, दार लावलं. पलंगावर त्यांचे यजमान भिंतीकडे तोंड करून झोपले होते.

"मुतखड्याचं तिसरं ऑपरेशन," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, पाणी बदला. कुठून बदलू?"

"म्हणून यादी अपूर्वला दिलीत."

"त्याने सांगितलं, दोन विंगना पुरेल एवढं पाणी रस्त्याच्या लाइनमधून मिळणारच नाही. एका विंगला मिळेल. केस निघाली तर कुणालाच नाही, वर्षानुवर्षं कोर्टात." त्यांनी डोळे पुसले नाहीत. डोळे कोरडेच होते. "बारा घरं, प्राजक्ता. चोवीस बुडण्यापेक्षा बारा तरली."

"आणि कृष्णकांतकाका? त्यांच्यावर पोलीस आले."

"ते मला माहीत नव्हतं. यादी कशाला हवी ते त्याने सांगितलं नव्हतं." यजमानांचं पांघरूण सारखं करत त्या म्हणाल्या, "आणि मला दोष देऊ नकोस. यादी केलीस तू. मी फक्त पोचवली."

६

संध्याकाळी काका आणि मी निर्झरच्या साइट ऑफिसात गेलो. अपूर्व तिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, थम्सअप मागवलं. मी सगळं क्रमाने सांगितलं: रंग वाळण्याची वेळ, आधी ओढलेली रेघ, नववी पाटी, बारावी पाटी, घासलेला पत्रा, बुधाजीच्या नखातला रंग, अठरा अक्षरं आणि सोळा अक्षरं.

त्याने मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाला, "व्हेरी गुड. तुम्ही सी.आय.डी.त जायला हवं, मॅडम. म्हणजे काकांनी केलं नाही. पेंटरने केलं. प्रूव्ह झालं."

"तुमच्या सांगण्यावरून."

"असं तो म्हणतो. माझा कागद आहे? माझी चिठ्ठी आहे?" त्याने फोन जवळ ओढला. "काकांच्या नावाची कम्प्लेंट मागे घेतो आणि बुधाजीच्या नावाने देतो. सतरा पाट्या, सतरा मालक. नखात रंग आहे म्हणालात ना? आज रात्रीच उचलतील."

"तो उद्या मंचाच्या माणसासमोर ओळ काढून दाखवणार आहे."

"दाखवू दे. मग तो माणूस विचारेल, वाच. वाचेल?"

काका इतका वेळ भिंतीवरची निर्झरची नवी जाहिरात वाचत होते. त्यांनी विचारलं, "तुम्हाला हवंय काय?"

अपूर्वने ड्रॉवरमधून कागद काढला. तो तयारच होता. "जाहीर माफीनामा. शुक्रवारच्या पेपरात येईल, तुमच्या नावाने. मग बुधाजीला कोणी हात लावणार नाही. वर्ड ऑफ ऑनर."

"काका, सही करू नका," मी म्हणाले. "तुम्ही अलिबागला होता. तुमच्यावर काहीच सिद्ध होत नाही."

"माझ्यावर होत नाही." ते माझ्याकडे वळले. "पोलीस बुधाजीकडून जे लिहून घेतील ते काय आहे हे त्याला कळणार नाही, अंगठा देईल. मला निदान वाचता येतं."

त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. मीही वाचला, बाजूने.

'जाहिर माफिनामा. मी खालि सही करणार असे लीहून देतो कि, शहरातील पाट्या मी माझ्या हाताने खराब केल्या. त्या बद्दल मी दिलगिर आहे. पून्हा असे होणार नाही.'

काकांनी पेन उघडलं. पेनाचं टोक पहिल्या शब्दावर गेलं आणि तिथे थांबलं.

"त्यात काही बदल नको हं, काका," अपूर्व म्हणाला. "टायपिंगला गेलंय."

पेन खाली सरकलं. त्यांनी सही केली, आधी अक्षरं, मग वरची रेघ, आणि रेघ संपल्यावर टोपण लावून पेन खिशात ठेवलं. खडू टेबलावर काढून ठेवला.

बुधाजीला आम्ही बोलावलं नाही. बुधवारी ग्राहक मंचाच्या माणसाने चौदावी पाटी पाहिली आणि तिच्यावर होतं ते लिहून नेलं. शुक्रवारी माफीनामा स्थानिक साप्ताहिकात तिसऱ्या पानावर, चौकटीत आला. त्यात आठ चुका होत्या. पुढच्या आठवड्यात शोभाकाकूंनी तक्रारीवरची त्यांची सही मागे घेतली आणि त्यांच्यामागून आणखी सोळा घरांनी. बुधाजीला कोणी उचललं नाही. महादेवने त्याला काम देणं बंद केलं. तो वीटभट्टीवर परत गेला.

१७ मार्चला अ विंगला रस्त्याच्या लाइनची जोडणी मिळाली. १८ मार्चला सकाळी सात वाजता मी दोन्ही विंगच्या तळमजल्यावरच्या नळांतून प्रत्येकी अर्धा लिटर पाणी बाटलीत घेतलं, कारखान्यात नेलं आणि तीन-तीन वेळा तपासून सरासरी काढली.

अ विंग: क्लोराइड लिटरमागे ३८ मिलिग्रॅम.

ब विंग: क्लोराइड लिटरमागे १,८६० मिलिग्रॅम.